उत्तराभिमुख पान

९ सप्टेंबर, मंगळवार

समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंचीवर, जवळचा समुद्र रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर असताना, ‘सिंधुदर्शन’ नावाचं हॉटेल काढणाऱ्या माणसाला विनोदबुद्धी भरपूर असली पाहिजे, नाहीतर अजिबात नसली पाहिजे. आज दुपारी इथे पोचलो आणि दुसरी शक्यता खरी ठरली. हॉटेल अत्यंत गंभीर आहे.

जहाजासारख्या गोल खिडक्या. दर्शनी भागावर बसका दीपस्तंभ, त्यात आता पाण्याची टाकी. लांबलचक पांढरा व्हरांडा आणि त्यात वेताच्या आरामखुर्च्या, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला, म्हणजे समुद्राकडे. समुद्राच्या जागी पूर्वी तळं होतं. तळ्याच्या जागी आता उड्डाणपूल आहे. डोळे मिटले तर वाहनांची गाज बरीचशी लाटांसारखी वाटते; मध्येच एखादी लाट हॉर्न वाजवते, इतकंच.

हे वेड रघुजीरावांचं. शहाजीराजांच्या मागोमाग बंगळूरला आलेल्या मराठा घराण्यातले. तरुणपणी पाँडिचेरीच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात नोकरीला होते, तिथून समुद्र डोक्यात घेऊन परतले आणि तो इथे बांधून काढला. आता त्यांचे नातू प्रतापराव मालक आहेत. सत्तरीकडे झुकलेले, ताठ, मृदू आवाजाचे. त्यांच्या पत्नी कौशल्याअक्का. मुलगा यशोवर्धन, ज्याने तांब्याचे टब आणि पितळी बटणं बसवून पणजोबांचं वेड फॅशनमध्ये आणलं. आणि सून रक्षिता, जी अजून माझ्यासमोर एक शब्द बोललेली नाही.

मी दिवाळी अंकासाठी ‘किनाऱ्यावरची जुनी रुबाबदार हॉटेलं’ या विषयावर लिहितो आहे. समुद्र नसलेलं समुद्रकाठचं हॉटेल हा लेखाचा कळस होईल, असं मी संपादकांना पटवलं. खरं कारण सिद्धी. माझी मुलगी एचएसआर लेआउटमध्ये राहते, नववा महिना लागलाय, आणि तिच्या पाहुण्यांच्या खोलीत तिच्या सासूबाईंनी मुक्काम ठोकलाय. माझी बायको, सुनंदा, जाताना म्हणाली होती, पोरीच्या बाळंतपणाला तुम्ही तरी असा. बाकी आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींना हो म्हटलंय, पण पाळायचं ठरवून म्हटलेलं हे एकच.

स्वागताची गंमत राहिली. उंबऱ्यापाशी रांगोळीचं गोल मंडल. प्रतापरावांनी स्वतः वाकून माझ्या पायांवर पाणी घातलं. पाण्यात काळे तीळ. मग हात जोडून म्हणाले, ‘क्षणः क्रियताम्.’ मी पडायचाच बाकी होतो. श्राद्धाला ब्राह्मण बोलावताना हे म्हणतात! मेलेल्या माणसाला बसायला तुमचा देह थोडा वेळ द्या, अशी ती विनंती. कुठल्या जाहिरातवाल्याने यांना हे जुनं, भारदस्त म्हणून विकलं असेल ते असो. पण पाठशाळेत घोटून घेतलेली जीभ तिची ती चालते. ‘ॐ तथा,’ मी म्हणालो. प्रतापरावांनी चमकून वर पाहिलं. ‘प्राप्नोतु भवान्’, आपण यावं, हे पुढचं म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. ‘प्राप्नवानि,’ येतो, असं मी ऐटीत पुरं केलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. संस्कृतला एवढी दाद मला पुण्यातसुद्धा मिळालेली नाही. आतून कौशल्याअक्कांचा आवाज आला, अण्णा आले. इकडे वडीलधाऱ्याला अण्णाच म्हणतात. स्टेशनवरचा रिक्षावालाही म्हणाला होता.

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळी रिक्षाने एचएसआरला. या शहरात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, सहनशीलतेत मोजतात. घाई आहे म्हटलं तर रिक्षावाला म्हणाला, स्वल्प ॲडजस्ट माडी, अण्णा. थोडं सांभाळून घ्या. साऱ्या शहराचा कारभार या एका मंत्रावर चालतो.

सिद्धी दारात उभी होती, स्वतःच्या पुढे पोट काढून. म्हणाली, बाबा, तुम्ही रिव्ह्यू लिहायला आलाय की आजोबा व्हायला ते आधी क्लिअर करा, दोन्ही डेडलाइन्स क्लॅश होतायत. मी म्हटलं, संपादकाची पुढे ढकलता येते. जावई ईशान कानात यंत्र घालून कुणालातरी हिंदीत समजावत होता, त्याने भुवईनेच नमस्कार केला. सासूबाईंनी मला डिंकाचा लाडू दिला आणि पुण्याच्या पाण्याला नावं ठेवली. मग सिद्धीने माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून लाथ बसली, नेमकी, मुद्देसूद. समीक्षक होणार, मी म्हटलं. ती हसली. म्हणाली, नाव शोधा, पण जोडाक्षर नको, ऑफिसातले लोक ‘ज्ञ’ बघून राजीनामा देतात. आणि मग न हसता म्हणाली, आई नाहीये, बाबा. त्या दिवशी तुम्ही बाहेर बाकावर दिसला पाहिजेत, बास. मी म्हटलं, दिसेन.

संध्याकाळी हॉटेलात जेवायला बसलो तर सगळं घर उभं. मी जेवल्याशिवाय कुणी जेवणार नाही म्हणे. वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. फार चविष्ट. मात्र माझ्यासारख्या माणसाने हे ताट पाहून स्वतःची नाडी तपासावी. हा सगळा श्राद्धाचा स्वयंपाक. पितृपक्ष चालू आहे म्हणून असेल.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज प्रतापरावांना हळूच सांगितलं, की तुमचं ते स्वागताचं वाक्य श्राद्धातलं आहे. वाटलं, ओशाळतील. ते शांतपणे म्हणाले, ठाऊक आहे, अण्णा. आजोबा, म्हणजे थोरले अण्णा, जाताना सांगून गेले होते: दारात येणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारायचं, उत्तर देईल त्याला ठेवून घ्यायचं. पाहुणे हसतात, सेल्फी घेतात. सरी, असू दे, आम्ही पण हसतो.

रविवारी थोरल्या अण्णांची तिथी आहे. पंधरवड्यात शहरातले सगळे गुरुजी बुक झालेत. इंदिरानगरचे एक जण व्हिडिओ कॉलवर सांगायला तयार आहेत, पण व्हिडिओ कॉलवरचा माणूस जेवणार कसा? तेव्हा पितरांच्या पानावर मी बसावं, अशी विनंती झाली. लेखासाठी याहून चांगलं काय मिळणार? हो म्हटलं.

मग दिवाणखान्यातली मांडणी पाहिली आणि माझ्यातला शास्त्री जागा झाला. पितरांचं पान पूर्वेकडे तोंड करून! यशोवर्धन म्हणाला, फोटोला उजेड तिकडून येतो. मी म्हटलं, बाबा रे, पूर्वेकडे देव बसतात, पितर उत्तराभिमुख. लाल जास्वंद काढायला लावली, पांढरी फुलं आणि माका मागवला. जानवं कधी उजव्या खांद्यावर घ्यायचं, पाणी अंगठ्याच्या बाजूने कसं सोडायचं, सगळं प्रतापरावांकडून दोनदा करून घेतलं. त्यांचं पाठांतर भलतीकडे गेलं होतं, तेही रुळावर आणलं. इतक्या वर्षांत आमचं हे चुकत होतं तर, असं म्हणून त्यांनी अक्कांकडे पाहिलं. रुग्ण वाचणार असं सांगणाऱ्या डॉक्टरकडे नातेवाईक पाहतात, तसं.

रक्षिता दारात उभी होती. तिच्या देखतच अक्का मला म्हणाल्या, इतकी वर्षं झाली, हिची कूस उघडत नाही. गळका नळ दाखवावा तसं दाखवलं त्यांनी तिला. मी विषय बदलला. रक्षिताने माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं, आणि मान अगदी बारीक हलवली: नको, अशी.

१४ सप्टेंबर, रविवार

भर दुपार, लख्ख ऊन, गोल खिडक्यांतून जमिनीवर उजेडाच्या तबकड्या. असलं नेटकं श्राद्ध मी अलीकडे पाहिलेलं नाही. अर्थात श्रेय माझं. उत्तरेकडे तोंड करून बसलो, पोटभर जेवलो. प्रतापरावांनी रीतीप्रमाणे विचारलं, तृप्त झालात? ‘तृप्ताः स्मः,’ मी रीतीप्रमाणे म्हणालो. तीन पिंड ठेवले: वडिलांचा, आजोबांचा, पणजोबांचा.

नंतर जे झालं ते मला आवडलं नाही. मधला पिंड, आजोबांचा, उचलून अक्कांनी रक्षितापुढे धरला. शास्त्रात हे आहे. मूल हवं असलेल्या बाईने मधला पिंड खायचा, आणि त्या वेळी पितरांना सांगायचं की हिच्या पोटी गर्भ ठेवा. पण तो मान श्राद्ध करणाऱ्याच्या पत्नीचा. मी तसं म्हटलं. प्रतापराव हसून म्हणाले, शास्त्रालाही स्वल्प ॲडजस्ट व्हायला लागते, अण्णा. रक्षिताने तोंड मिटून घेतलं. अक्कांनी तिची हनुवटी दोन बोटांत धरली आणि घास लोटला, पुन्हा लोटला. प्रेमळपणे बोलत होत्या, आमची शहाणी पोर, गीळ बघू. यशोवर्धन फोटो काढत होता. तिने गिळलं त्याच क्षणी माझ्या बेंबीच्या मागे कुणीतरी दोरा ओढला. ओरडणार होतो. खीर जास्त झाली असेल.

खोलीत येऊन पडल्यावर लक्षात आलं, विसर्जन राहिलं. बोलावलेल्या पितरांना शेवटी ‘उठा, आता जा’ म्हणून निरोप द्यावा लागतो. एवढं शिकवलं आणि शेवट विसरले! उद्या सांगेन.

१५ सप्टेंबर, सोमवार

भूक नाही. कालपासून पाण्याचीही इच्छा नाही. अस्वस्थ वाटत नाही, उलट एक प्रकारचं भरलेपण. प्रतापराव बाहेर गेलेत, त्यामुळे विसर्जनाचं राहून गेलं.

सिद्धीकडे गेलो. गप्पा छान झाल्या, मी तिला नावं सुचवली, तिने सगळी नाकारली. म्हणाली, हात ठेवा, तुमचा समीक्षक सकाळपासून फॉर्मात आहे. ठेवला. काही नाही. पुष्कळ वेळ काही नाही. सिद्धीचा चेहरा हळूहळू बदलला. सासूबाईंनी तिला कुशीवर वळवलं, गूळ चारला. मी घाबरून गॅलरीत गेलो, आणि आतून सिद्धी ओरडली, हलला, हलला! धावत आत आलो. पुन्हा शांत. ती म्हणाली, बाबा, तुम्ही आलात की गंभीर होतो हा, पाठशाळेत बसल्यासारखा. आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

प्रतापरावांना विसर्जनाची आठवण केली. म्हणाले, आहे की लक्षात. पुन्हा विचारलं तर पान लावायला सांगून निघून गेले.

रक्षिताला सकाळपासून उलट्या. एवढ्या लवकर काही कळत नसतं, पण अक्का पेढे वाटत होत्या. मला पेढा दिला नाही. पाया पडल्या.

एका धातूचं रूप आठवेना. रोज म्हणायचो असं. म्हातारपण, दुसरं काय. वय पंचावन्न, पण सुरुवात कधीतरी व्हायचीच.

१७ सप्टेंबर, बुधवार

सिद्धीबरोबर तपासणीला गेलो. पोटाला पट्टा बांधला होता आणि खोलीभर बाळाच्या ठोक्यांचा आवाज येत होता, घोडा दौडावा तसा. मी पडदा सारून आत गेलो. घोडा दौड सोडून चालू लागला. मग थबकू लागला. नर्स पट्टा सारखा करत होती, मग तिने डॉक्टरला हाक मारली, सिद्धीने माझा हात घट्ट धरला. मी तो सोडवून घेतला. सोडवताना तिची नखं लागली मला. बाहेर आलो, जिन्यापर्यंत गेलो. दौड सुरू.

पुन्हा आत गेलो. मला खात्री करून घ्यायची होती. हे लिहायला लाज वाटते, पण गेलो. थांबत गेला. थांबत गेला— मी पळालो.

डॉक्टर म्हणाले सगळं उत्तम आहे. असणारच. मी रस्त्यावर उभा होतो तेव्हा तपासलं त्यांनी.

मला कळलंय. मला पितर म्हणून बोलावलं, मी आलो, मी तृप्त आहे असं सांगितलं. निरोप कुणी दिला नाही. मी अजून त्याच पानावर बसलोय. उत्तरेकडे तोंड करून, स्वतः लावून घेतलेल्या पानावर. आणि जे अजून जन्मलेलं नाही ते अशा माणसाच्या जवळ राहत नाही.

सिद्धीचा मेसेज: बाबा, असे न सांगता का गेलात?

१८ सप्टेंबर, गुरुवार

प्रतापरावांचे पाय धरले. खरंच धरले. म्हटलं, विसर्जन करा. मुलीजवळ जाता येत नाही मला. त्यांनी घाईने पाय मागे घेतले, थोरल्यांनी धाकट्यांचे पाय धरू नयेत म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून समजावत बसले, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी तितक्या अदबीने. थोरले अण्णा गेल्यापासून या घरात पाळणा हलला तो एकदाच. यशोवर्धननंतर कुणी नाही. रक्षितानंतर तर कुणीच नसणार. थोरले अण्णा म्हणाले होते, मी परत येईन, पण मला यायला एक माणूस लागेल. रस्ता म्हणून. तो माणूस थोडा थोडा झिजतो. जेवढा तिच्या पोटात उतरतो, तेवढा इथून कमी होतो. त्रास नाही होत, अण्णा. भूक नाही, दुखणं नाही. तुम्ही किती नीट शिकवलंत आम्हाला.

अक्कांनी विचारलं, तुमच्या मुलीला मूल तर होतंच आहे ना? मग? तिला एक बाप कमी झाला तर काय, आम्हाला तर कुणीच नाही.

दार उघडंच असतं, हेही सांगितलं. कुणी अडवणार नाही. खरं आहे. यशवंतपूरला गेलो. पुण्याची गाडी समोर उभी होती, दांडा हातात धरल्याचं आठवतं. त्यापुढचं आठवतं ते इथल्या व्हरांड्यातली खुर्ची. पाय ओले. बोटांच्या बेचक्यांत काळे तीळ.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मल्लेश्वरमच्या एका वैदिकांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ज्याने बोलावलं त्यानेच निरोप द्यायचा, दुसऱ्याचं काम नाही. आणि मग विचारलं, तुम्ही हे कुठून बोलताय? सांगितलं तर फोन ठेवला.

पाठ केलेलं सगळं चाललंय. सूत्रं गेली, स्तोत्रं गेली. सकाळी संध्येला बसलो, आचमन घेतलं आणि पुढे— हात तसाच.

दुपारी रक्षिता आली. पहिल्यांदाच बोलली. डोळे सुजलेले. म्हणाली, अण्णा, मला शाळेत संस्कृत नव्हतं. पण भांडी घासताना तोंडातून येतंय. अर्थ कळत नाही, थांबवताही येत नाही. तिने थोडं म्हणून दाखवलं. माझंच. माझ्या गुरुजींच्या हेलासकट.

मग विचारलं, सिद्धी कोण? सकाळपासून जिभेवर आहे. गोड नाव आहे. सारखं हाक मारावंसं वाटतं.

मी तिला म्हटलं, ते परत दे. ती रडायला लागली. म्हणाली, मी कुठे घेतलंय, मला पण कुणी विचारलं नव्हतं. बिचारी. बिचारी पोर, तिच्यावर मी ओरडलो.

मुलीचं नाव सिद्धी. माझ्या मुलीचं नाव सिद्धी. लिहून ठेवतो आहे. सुनंदाची मुलगी. माझी.

२० सप्टेंबर, शनिवार

वरची ओळ वाचली. नाव वाचता येतं. तोंडाने म्हणायला गेलो तर स्वयंपाकघरातून आवाज येतो. मी जे म्हणायला जातो ते ती म्हणते. तिने तोंडात पदर कोंबला होता.

फोन वाजतो, वाजतो. एकदा घेतला. बाबा, तुमचं काय बिनसलंय? बाक रिकामा ठेवणार आहात का माझा? मी बोललो नाही. बोललो असतो तर—

दात हलतायत. दुखत नाहीत. एक पानात पडला. अक्कांनी तो उचलून डोक्याला लावला.

उद्या सर्वपित्री अमावास्या. उद्या सगळे पितर परत जातात. सगळे. बोलावलेले, न बोलावलेले. मलाही कदाचित— शास्त्रात काय आहे ते आठवत नाही. आठवत नाही मला.

२१ सप्टेंबर, रविवार. सकाळ

मेसेज आलाय. ती इथे येते आहे. ईशानला न सांगता, रिक्षा करून. तुम्ही येत नाही तर मी येते, बघतेच कसे भेटत नाही.

नको म्हणून लिहिलं. निघाली आहे.

पायरीवरच थांबवायचं. आत आली तर मूल— आणि अक्का तिला पान वाढतील. अक्का प्रत्येकाला वाढतात.

एकच उपाय आहे. ओळखत नाही म्हणायचं. कोण तुम्ही, असं. कडक आवाजात, अनोळखी बाईशी बोलावं तसं. रडेल. रडू दे. चिडेल, जाईल, जन्मभर बोलणार नाही. चालेल. मूल हलत राहील.

जमलं पाहिजे. तिच्याकडे बघायचं नाही, म्हणजे जमेल.

दुपार

जेवण उत्तम होतं. वडे कुरकुरीत.

एक बाई आली होती. तरुण. दिवस भरलेले. पायरीवर उभं राहून मला बाबा म्हणाली. मी म्हटलं, मी तुम्हाला ओळखत नाही. कडक आवाजात म्हटलं. असं म्हणायचं आधीपासून ठरवलं होतं असं वाटतं, पण का ते—

पुष्कळ रडली. दया आली. अक्का म्हणाल्या, दमलीय पोर, आत ये, दोन घास खा. मी ओरडलो, नको. केवढ्याने ओरडलो. सगळे बघायला लागले. मलाही कळेना, जेवू घालायला काय हरकत?

ती वळली. जाताना मध्येच थांबली, पोट धरलं. आतून लाथ बसली असणार. रडता रडता हसली. ते पाहून इतकं बरं वाटलं मला. कोणाची कोण. तरी इतकं बरं वाटलं की डोळ्यांतून—

फाटकापाशी पोचली आहे. एकदा हाक मारावीशी वाटते. फक्त हाक. तोंड उघडलं, आवाज आतून आला, रक्षिताचा. काहीतरी नाव घेतलं तिने, मोठ्याने, माझ्याच हेलात. कोणतं ते नीट—

बाई थांबली. परत येते आहे. धावत. हसते आहे. पायरी चढली. दुसरी. पोटावरचा हात— हात थांबला तिचा. चेहरा—

तिला काही सांगायचं होतं मला. महत्त्वाचं. जा, असं काहीसं. अक्कांनी तिचा हात धरून आत नेलं, पान मांडतायत, कुठे तोंड करून बसवू विचारतायत मला, आणि मी बोट दाखवतो आहे, उत्त